क्रोटन वाढवताना आणि एकाची अनेक झाडं करताना

क्रोटन हे रंगीबेरंगी पानांचं शोभेचं झुडूप घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांत खालची पानं गळायला लागतात आणि बरेच जण तिथेच हात टेकतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून जास्त पाणी घालतात, ऊन लागलं असेल म्हणून आत नेतात, आत कोमेजलं म्हणून पुन्हा बाहेर ठेवतात. पंधरवड्यात वर चार पानांचा शेंडा आणि खाली उघडी काठी एवढंच उरतं. खरं तर त्या झाडाला कुठलाही रोग झालेला नसतो. क्रोटनला बदल सोसत नाही. जागा, ऊन, हवेतला ओलावा यातलं काहीही एकदम बदललं की ते पानं टाकतं. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की लागवड, छाटणी, कलम ही पुढची सगळी कामं सोपी होतात, कारण प्रत्येक कामात प्रश्न एकच असतो: हा बदल झाडाला हळूहळू कसा करून द्यायचा?

आधी झाडाची ओळख

आपण ज्याला क्रोटन म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव कोडिएअम व्हेरिगेटम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला क्रोटन या प्रजातीत घातलं होतं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते वेगळ्या प्रजातीत हलवलं, पण बागेतलं नाव काही बदललं नाही. आजच्या वर्गीकरणातली खरी क्रोटन प्रजाती म्हणजे जमालगोट्याची. दोन्ही एरंडाच्या कुळातली, म्हणजे लांबची भावंडं. या कुळाचा चिकाचा गुण क्रोटनमध्येही आहे. फांदी कापली की चीक येतो. तो कपड्यावर पडला तर तपकिरी डाग पडतो आणि तो डाग जात नाही. काहींच्या कातडीला त्याने खाज येते, पुरळ उठतं. डोळ्यांत तर तो जाताच कामा नये. पानं, साल, मूळ यांतलं काहीही तोंडात घालण्यासारखं नाही. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारा पाळीव प्राणी असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. कापाकापी करताना हातमोजे घालायची सवय लावून घ्या.

मूळचं हे झाड मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांपासून न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतचं. उबदार, दमट, पाऊस भरपूर पण पाणी साचत नाही अशा जागांचं. निगा राखताना काहीही अडलं की या मूळ गावाची आठवण करावी, उत्तर बहुधा तिथे सापडतं. जमिनीत लावलेलं झुडूप माणसाच्या उंचीचं सहज होतं, जुनं झालं की त्याच्याही वर जातं.

जाती शेकड्यांनी आहेत. रुंद पानांचा, पिवळ्या-नारिंगी शिरांचा 'पेट्रा' बहुतेकांनी पाहिलेला असतो. 'मॅमी'ची पानं पिळदार, 'गोल्ड डस्ट'च्या हिरव्या पानांवर पिवळे ठिपके शिंपडल्यासारखे, 'झांझिबार'ची पानं गवतासारखी अरुंद आणि झुकलेली. नवख्याने पेट्रा किंवा गोल्ड डस्टपासून सुरुवात करावी असं मी सांगेन. दोन्ही दणकट आहेत, आणि गोल्ड डस्ट तर थोड्या कमी उजेडातही तग धरतो. अरुंद पानांच्या जाती दिसतात फार देखण्या, पण कोरडी हवा त्यांना पटकन बाधते.

जागा आणि ऊन

क्रोटनचा रंग उन्हावर ठरतो. कोवळं पान बहुतेक जातींमध्ये हिरवं-पिवळं निघतं आणि जून होता होता त्यात नारिंगी, लाल, जांभळट छटा भरतात. उजेड कमी पडला तर झाड जास्तीत जास्त हरितद्रव्य बनवण्याच्या मागे लागतं आणि नवी पानं हिरवीच राहतात. झाड जगतं, पण ज्यासाठी लावलं ते मिळत नाही. चार ते सहा तास ऊन मिळेल अशी जागा उत्तम, सकाळचं ऊन मिळालं तर फारच छान. दुपारचं रखरखीत ऊन दिवसभर पडत असेल तर पानं फिकी पडतात, कडा करपतात. अशा ठिकाणी एखाद्या मोठ्या झाडाची विरळ सावली किंवा शेडनेट हवं.

आता खरा मुद्दा. रोपवाटिकेतलं क्रोटन बहुधा सावलीच्या जाळीखाली, दमट हवेत वाढलेलं असतं. त्याची पानं त्या उजेडासाठी घडलेली असतात. ते उचलून थेट उन्हात ठेवलं की पानं भाजतात, अंधाऱ्या खोलीत ठेवलं की गळतात. म्हणून पहिला आठवडा उजेड आहे पण ऊन नाही अशा जागी ठेवा. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं तासभर ऊन द्या, मग दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवा. तीन-चार आठवड्यांनी ते ठरलेल्या जागी जाईल. या काळात खालची दोन-चार पानं गळतीलच, ती गळू द्यावीत.

सगळीच पानं गळली तर नखाने खोडाची साल किंचित खरवडून बघा. आतला थर हिरवा आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. उजेडात ठेवा, माती कोरडी होत आली की बेताने पाणी द्या आणि जागा अजिबात हलवू नका. काही आठवड्यांत डोळे, म्हणजे नवे फुटवे जिथून येतात ते बारीक उंचवटे, फुगायला लागतात. तपकिरी, कोरडा थर लागला तर खाली खाली खरवडत जा. बऱ्याचदा वरचा भाग वाळलेला असतो आणि बुंध्याजवळ जीव असतो.

माती, कुंडी, पाणी

मातीत ओलावा टिकायला हवा आणि जास्तीचं पाणी निघूनही जायला हवं. कुंडीसाठी मी दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत किंवा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि अर्धा-पाऊण भाग जाडसर वाळू किंवा पर्लाइट (पाण्याचा निचरा करणारे हलके पांढरे दाणे) असं मिश्रण घेतो. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावं, त्यात क्षार असू शकतात. सामू (पीएच) किंचित आम्लाकडे झुकलेला, ५.५ ते ६.५ च्या आसपास असला की बरं. चुनखडीच्या मातीत किंवा फार जड पाण्यावर वाढलेल्या झाडाला लोह मिळत नाही. मग शेंड्याकडची पानं फिकी आणि लहान निघतात. रंगीत पानांवर हा फिकेपणा ओळखणं अवघड असतं, म्हणून रंगापेक्षा पानांच्या आकाराकडे बघावं. नवं पान जुन्याच्या निम्म्याने येत असेल तर मुळाशी काहीतरी बिनसलेलं आहे.

कुंडी बदलताना आधीच्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटरच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. जमिनीत लावताना कुंपणासाठी दोन झाडांत ६० ते ९० सेंटीमीटर अंतर ठेवा. मातीचा गोळा न फोडता लावा, आणि खोड कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच जमिनीत जाऊ द्या. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं, पण ते खोडाला चिकटू देऊ नये.

पाण्याचं वेळापत्रक मी कधी पाळलं नाही. बोट मातीत दोन सेंटीमीटर खुपसायचं, कोरडं लागलं तर कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं, ओलं लागलं तर परत फिरायचं. तहानलेलं क्रोटन पानं खाली सोडून सांगतं आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत सावरतं. पण माती ओली असूनही पानं खाली लोंबत असतील तर मुळं कुजायला लागलीत असं समजा आणि पाणी ताबडतोब थांबवा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणीही निम्म्यावर आणावं. १० अंशांच्या खाली तापमान गेलं की हे झाड दुखावतं. थंड प्रदेशात ते कुंडीतच ठेवून त्या दिवसांत आत घ्यावं लागतं.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवलेला बरा. वाढीच्या दिवसांत महिन्या-दीड महिन्याने मूठभर गांडूळ खत, किंवा नत्र थोडं जास्त असलेलं विद्राव्य खत पाकिटावर सांगितलेल्या निम्म्या प्रमाणात. नत्राचा मारा केला तर पानं हिरवट आणि लुसलुशीत होतात, आणि तशी पानं किडींना जास्त आवडतात.

छाटणी

वर एकच काठी वाढत चालली असेल तर वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला शेंडा खुडा. शेंड्याचा दाब गेला की खालचे दोन-तीन डोळे फुटतात. झाड भरगच्च करायचं तर हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कापू नका. काप डोळ्याच्या जरा वर, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), एका झटक्यात.

मधूनच एखादी फांदी वेगळ्याच पानांची निघते. क्रोटनमध्ये असं होतं, आणि त्याच्या इतक्या जाती असण्यामागे हेही एक कारण आहे. फांदी निव्वळ हिरवी असेल तर जिथून फुटली तिथूनच काढा, ती जास्त जोमाने वाढून बाकीच्या झाडावर मात करते. पण रंग काही वेगळाच, देखणा असेल तर ती जपा, कारण तीच पुढे कलमासाठी वापरता येईल.

बी का नको, पान का नको

क्रोटनला फुलं येतात, बारीक, लांब तुऱ्यावर. नर तुरे पांढऱ्या केसाळ फुलांचे, मादी तुरे वेगळे आणि अगदी साधे. बीही धरतं. पण बियांचं रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही. नवी जात घडवण्याची हौस असेल त्याने बी लावावं, आवडतं झाड तसंच्या तसं हवं असेल त्याने कलमच करावं.

पानाची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. मी सुरुवातीला मॅमीचं एक सुरेख पिळाचं पान देठासकट पाण्याच्या बाटलीत ठेवलं होतं. महिन्याभरात देठाला पांढरी मुळं फुटली, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. कुंडीत लावलं, पान टवटवीत राहिलं, मुळांनी कुंडी भरली. महिने गेले तरी दुसरं पान आलं नाही. देठाजवळ डोळाच नव्हता, तर फुटवा येणार कुठून? क्रोटनचं पान मुळं धरतं, पण नवा शेंडा तयार करत नाही. म्हणून कलमाच्या काडीवर निदान दोन-तीन डोळे हवेतच.

छाट कलम

यासाठी उबदार आणि दमट दिवस निवडा. पावसाळा असलेल्या प्रदेशात पावसाळ्याची सुरुवात, इतरत्र थंडी पूर्ण ओसरल्यावर. भरउन्हाळ्यात आणि थंडीत हा खटाटोप करू नये.

फांदी ना फार कोवळी ना जून लाकडासारखी, अशी निवडा. वाकवली की लवते आणि जास्त वाकवली की तुटते, ती योग्य. शेंड्याकडचा दहा ते पंधरा सेंटीमीटरचा तुकडा डोळ्याच्या लगेच खाली कापा. सिकेटरची पाती आधी स्पिरिटने पुसून घ्या. खालची पानं काढा, वर तीन-चार ठेवा. पानं मोठी असतील तर प्रत्येक पान आडवं निम्मं कापा. मुळं नसलेल्या काडीला पाणी ओढता येत नाही आणि पानांतून ते उडत राहतं, म्हणून पानांचं क्षेत्र कमी करायचं.

कापलेल्या तोंडातून चीक येईल. काडी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा, चीक थांबतो. मग तोंड पुसून कोरडं करा आणि आयबीए हे संप्रेरक असलेल्या रूटिंग हार्मोनच्या, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या, पावडरीत टेकवून जादा पावडर झटका. पावडर नसली तरी काड्या धरतात, फक्त वेळ जास्त लागतो आणि काही फुकट जातात.

कोकोपीट आणि पर्लाइट किंवा स्वच्छ वाळू निम्मी-निम्मी घेऊन ओली करून पिळा, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतपत. काठीने आधी भोक पाडा आणि मग काडी खोवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली बाटली उपडी घाला. उजेडात ठेवा, उन्हात मात्र नाही, कारण बंद पिशवीवर ऊन पडलं की आतली काडी शिजते. दोन-तीन दिवसांनी पिशवी पाच मिनिटं उघडून हवा खेळू द्या. मातीचं तापमान २१ ते २७ अंश राहिलं तर चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. काडी हलकेच ओढून बघा, धरून राहिली की मुळं आली. रोज उपटून बघणाऱ्याची काडी कधीच धरत नाही.

पिशवी एकदम काढू नका. पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात भोक, दोन दिवसांनी आणखी दोन, आठवड्याभरात पूर्ण उघडी. बदल हळूहळू करण्याचा नियम इथे पाळला नाही तर दीड महिन्याची मेहनत एका दुपारात कोमेजते.

गुटी कलम

माझ्या मते क्रोटनसाठी सर्वांत भरवशाची पद्धत हीच. फांदी आईपासून तोडायची नाही, तिथल्या तिथे मुळं फुटू द्यायची आणि मगच वेगळी करायची. शिवाय मिळतं ते चांगलं फूटभर उंचीचं, भरल्या पानांचं झाड. खाली उघडं पडलेलं उंच झाड वाचवायचा हाच उत्तम मार्ग.

पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी, उन्हात वाढलेली फांदी घ्या. शेंड्यापासून ३० ते ४० सेंटीमीटर खाली, जिथे काम करायचं तिथली पानं काढा. धारदार चाकूने सालीला गोल काप द्या, त्याच्या खाली दोन ते अडीच सेंटीमीटरवर दुसरा, आणि मधला सालीचा पट्टा बांगडीसारखा सोलून काढा. चीक पुसा. आता उघड्या लाकडावर बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. तो थर चाकूच्या पात्याने हलकेच खरवडून काढायचा, लाकूड कोरडं आणि खडबडीत लागेपर्यंत. हा थर राहिला तर तो नवी साल धरतो, जखम भरून येते आणि मुळं येत नाहीत. गुटी फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

यामागचं तंत्र साधं आहे. पाणी लाकडातून वर चढतं, ते चालू राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. पानांनी तयार केलेलं अन्न आणि मुळं फुटवणारी संप्रेरकं सालीतून खाली उतरतात, ती कापाच्या वरच्या काठाशी अडकतात आणि मुळं तिथूनच फुटतात. म्हणून हार्मोनची पावडर वरच्या काठाला लावायची.

स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) अर्धा तास भिजवून घट्ट पिळा. त्याचा मूठभर गोळा काप पूर्ण झाकेल असा, वरच्या काठावर जास्त येईल असा बसवा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. वरचं टोक विशेष घट्ट हवं, कारण तिथून पावसाचं पाणी शिरलं की मॉस कुजतं. थेट ऊन पडत असेल तर वरून चांदीचा कागद किंवा कापड गुंडाळा. मॉस नसेल तर कोकोपीट चालतं, मात्र बांधताना ते सांडतं, एक जण हाताशी लागतो.

महिन्याभराने कागद उलगडून बघा. प्लॅस्टिकच्या आत पांढरी मुळं दिसतील. पहिली मुळं दिसताच कापायची घाई करू नका. ती ठिसूळ असतात. मुळांची जाळी होऊन त्यांचा रंग जरा मळकट होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे थांबा. मग गुटीच्या खाली सिकेटर लावून कापा, प्लॅस्टिक काढा, मॉस मात्र काढू नका. मॉससकट छोट्या कुंडीत लावा आणि काठीचा आधार बांधा, कारण इवल्या मुळांवर भरलेल्या पानांचं ओझं असतं. दोन-तीन आठवडे सावलीत, दमट जागी ठेवा. पानं फार असतील तर चार-पाच कमी करा. मग आधी सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने उन्हाकडे न्या. पहिलं खत नवं पान पूर्ण उलगडल्यावर.

कीड

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांची चमक जाते, धूळ बसल्यासारखं दिसतं. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर कोळीच. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा फवारा जोरात मारावा, दोन-तीन दिवसांआड, असं आठ-दहा दिवस. पिठ्या ढेकूण पानाच्या देठाशी कापसासारखा दिसतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने टिपून काढता येतो. खवले कीड खोडाला चिकटलेली असते, ती जुन्या टूथब्रशने घासावी. पसारा जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आणि आधी एका पानावर करून दोन दिवस वाट बघा. पानं महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तर यातलं बरंचसं वेळेत नजरेला पडतं.

गुटी कापून घेतल्यावर आईच्या झाडावर उरलेल्या खुंटाकडे दुर्लक्ष करू नका. काप तिरका आणि स्वच्छ करा, त्यानंतर नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत कापाच्या खालून तीन-चार फुटवे निघतात. त्यातले वेगवेगळ्या दिशांना जाणारे दोन किंवा तीन ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच नखाने खुडून टाका. ठेवलेले फुटवे पुढच्या हंगामापर्यंत पेन्सिलीएवढे होतात आणि त्यांच्यावर पुन्हा गुटी बांधता येते.